बाबांना अ‍ॅक्युट पँक्रिएटायटिस (स्वादुपिंडाला अचानक येणारी सूज) होऊन गेला. घरी आल्यावर काय सांभाळायचं? ते पूर्ण बरे होतील का?

तुम्ही लिहिलंय की बाबा ५६ वर्षांचे आहेत, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले, सहा दिवसांत घरी सोडलं आणि 'पित्ताशयाचं नंतर बघू' असं सांगितलं. घरात त्यांना मऊ भात आणि वरणाच्या पाण्यावर ठेवलंय. मी डॉक्टर नाही. माझ्या नवऱ्याचं हे दुखणं मी जवळून काढलंय, तेवढ्या आधारावर लिहिते. आधी पित्ताशयाबद्दलच सांगते, कारण आमचं चुकलं ते तिथेच.

२०२२च्या जूनमध्ये रात्री दोन वाजता ह्यांच्या पोटात वरच्या बाजूला कळ सुरू झाली, ती थेट पाठीत निघत होती. आडवं झालं की वाढायची, म्हणून पोटाशी उशी धरून पलंगाच्या कडेला पुढे वाकून बसले होते. रक्तातलं लायपेज (स्वादुपिंडातला एक पाचकरस) भरमसाट वाढलेलं, आणि पित्ताशयात बारीक बारीक खडे. मला वाटायचं मोठा खडा वाईट. पण बारीक खडेच घरंगळत पित्तनलिकेत उतरतात आणि स्वादुपिंडाचं तोंड अडवतात.

पाचव्या दिवशी घरी आलो. ऑपरेशनची तारीख हॉस्पिटलने दिली नाही आणि आम्ही मागितली नाही. माणूस जेवतोय, हिंडतोय, दुकानात बसतोय, मग कशाला कापाकापी, असं घरात सगळ्यांचंच मत पडलं. सातव्या आठवड्यात दुसरा अटॅक आला.

नंतरच्या सर्जननी आम्हाला नेदरलँडमधला एक अभ्यास समजावून सांगितला. तिथल्या २३ रुग्णालयांतला, २०१५ साली प्रसिद्ध झालेला. खड्यांमुळे सौम्य पँक्रिएटायटिस झालेल्या लोकांपैकी निम्म्यांचं पित्ताशय त्याच भरतीत काढलं, उरलेल्यांना घरी पाठवून सुमारे चार आठवड्यांनी बोलावलं. थांबलेल्यांपैकी १७ टक्के लोकांना मधल्या काळात पुन्हा खड्यांचाच त्रास होऊन भरती व्हावं लागलं किंवा त्याहून वाईट झालं. लगेच ऑपरेशन झालेल्यांत हे प्रमाण ५ टक्के होतं. हे मला जूनमध्ये माहीत असतं तर मी तारीख घेतल्याशिवाय हॉस्पिटलची पायरी उतरले नसते.

म्हणून आज डिस्चार्ज कार्ड काढून नीट वाचा. आजार 'माइल्ड' लिहिला असेल आणि स्वादुपिंडाभोवती पाणी साठल्याचा, म्हणजे 'कलेक्शन'चा उल्लेख नसेल, तर सर्जनला याच आठवड्यात भेटा. पण 'नेक्रोसिस' (स्वादुपिंडाचा काही भाग मरणं) किंवा 'कलेक्शन' लिहिलं असेल तर सर्जन मुद्दाम सहा आठवडे किंवा जास्तही थांबतात, सूज आणि पाणी ओसरू देतात. ते थांबणं योग्यच असतं, तेव्हा त्यांच्यामागे घाई लावू नका.

आता बरे होण्याबद्दल. शंभरातल्या साधारण ८० जणांचा हा आजार सौम्यच असतो. आठवड्याभरात दुखणं जातं, ग्रंथी सावरते, आणि कारण काढून टाकलं की बहुतेकांना पुन्हा त्रास होत नाही. सहा दिवसांत घरी आलेत, म्हणजे बाबा बहुधा यातलेच. किडनी, फुप्फुस किंवा रक्तदाब यातलं एखादं ४८ तासांपेक्षा जास्त काळ कोलमडलं तर आजार गंभीर धरतात, आणि तिथे मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्या वर जातं. ह्यांचा दुसरा अटॅक असा होता. ४१ दिवस हॉस्पिटल. स्वादुपिंडाचा काही भाग मेला, भोवती घाण साठली, आणि डॉक्टर मात्र हात लावायला तयार नव्हते. मी चिडून भांडलेसुद्धा. मग कळलं की त्या घाणीभोवती पक्कं आवरण धरायला चारेक आठवडे लागतात, आधी छेडलं तर रक्तस्राव होतो. शेवटी एंडोस्कोपीने (तोंडातून दुर्बीण घालून) पोटातून स्टेंट, म्हणजे छोटी नळी, टाकून ती काढली. पोटावर एक टाकाही नाही.

खरी लढाई घरी आल्यावर होती. वजन ७४ वरून ५७ वर आलेलं, पँट दोरीने बांधावी लागायची. खाऊ घालत होते तरी वजन वाढेना. एके दिवशी हे संकोचून म्हणाले, "दोनदा फ्लश केलं तरी जात नाही गं." जाऊन पाहिलं तर फिकट, चिकट मळ, आणि पाण्यावर तेलाचा तवंग. स्वादुपिंडातून पाचकरस कमी पडले की खाल्लेली चरबी अशी न पचता बाहेर पडते. मळाची 'फीकल इलास्टेज' नावाची तपासणी असते, २००च्या खाली आकडा आला तर रस कमी पडतोय असं समजतात. बाबांना हे विचारायची लाज बाळगू नका. पुरुष माणूस आपणहून सांगत नाही.

यावर एन्झाइमच्या, म्हणजे पाचकरसांच्या, कॅप्सूल मिळतात. त्या डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवतात. आमचं घर माळकरी, म्हणून डॉक्टरांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मी सासूबाईंना कसं सांगायचं म्हणून दोन दिवस घुटमळले. त्यांनी ऐकलं, थोडा वेळ गप्प बसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "जीव राहिला तर माळ. घे." तेव्हापासून ताटाशेजारी छोट्या वाटीत दोन कॅप्सूल असतात. एक पहिल्या घासाला, दुसरी निम्मं जेवण झाल्यावर. जेवणानंतर घेतल्या तर अन्न पुढे गेलेलं असतं आणि उपयोग होत नाही, ही चूक आम्ही पहिला महिनाभर केली. चावायच्या नाहीत, गरम चहाबरोबर घ्यायच्या नाहीत. डोस नीट बसल्यावर सहा महिन्यांत अकरा किलो परत आले.

मऊ भात आणि वरणाचं पाणी मात्र आता थांबवा. सुरुवातीचे काही दिवस तेलकट, तळकट टाळायचं हे खरं, पण उपाशी ठेवलेलं शरीर भरून येत नाही. भाकरी, घट्ट वरण, दही, अंडं चालत असेल तर अंडं, थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा. फोडणीचं चमचाभर तेल चालतं का, हे आहारतज्ज्ञांना विचारा. आमच्या ह्यांना तर जेवायचीच भीती बसली होती, प्रत्येक घासाला पोटावर हात जायचा. मी समोर बसून त्यांच्याबरोबर तेच जेवायला लागले, तेव्हा हळूहळू गेली.

साखर विसरू नका. पहिल्या वर्षात शंभरातल्या साधारण १५ जणांना नव्याने मधुमेह होतो, आणि सौम्य आजारानंतरही होऊ शकतो. डिस्चार्जच्या वेळी ह्यांची साखर नॉर्मल होती, चौथ्या महिन्यात उपाशीपोटी १९० निघाली. तीन-चार महिन्यांनी एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) करा, मग दरवर्षी. निघालाच, तर डॉक्टरांना पँक्रिएटायटिसचा इतिहास आवर्जून सांगा. या मधुमेहात इन्सुलिन लवकर लागू शकतं आणि साखर एकदम खालीही जाते.

बाबा घेत असतील तर दारू पूर्ण बंद, अगदी लग्नातली एकसुद्धा नाही. आणि बिडी-सिगारेट. दारूचं सगळे बोलतात, पण धुरानेही हा आजार पुन्हा येतो आणि जुनाट होतो.

ताप आला, पाणीही पोटात राहिनासं झालं, डोळे पिवळे दिसले, काळी शौच झाली किंवा तीच पाठीत जाणारी कळ उठली, तर सकाळची वाट पाहू नका. आम्ही दुसऱ्या वेळी अ‍ॅसिडिटीची गोळी देऊन पाच तास घालवले होते.

आजार माइल्डच असेल तर सर्जनला एवढंच विचारा: "पित्ताशय कधी काढणार, तारीख द्या." लांबची दिली तर का लांब, तेही विचारा. ह्यांचं पित्ताशय शेवटी २०२३च्या जानेवारीत निघालं.