नाशिक टाकलं की बरोबर, लासलगाव टाकलं की नाशिकचाच भाव

गाव टाकलं की कांद्याचा भाव छापणाऱ्या तुमच्या सी भाषेतल्या प्रोग्रॅमबद्दलचा प्रश्न वाचला आणि जुनं दुखणं आठवलं. टेबलात इंग्रजी अक्षरांत ओळीने नाशिक, लासलगाव, पिंपळगाव. आधी इफमध्ये गाव == "नाशिक" होतं, तेव्हा काहीच जुळेना. मित्राने स्ट्रकम्प (दोन शब्दांची तुलना करणारं फंक्शन) लावायला सांगितलं, तर आता नाशिक बरोबर येतं आणि बाकी काहीही टाकलं तरी नाशिकचाच भाव. वाचायला एफगेट्स (टाइप केलेली ओळ आत घेणारं फंक्शन), आणि ती ठेवायला गाव नावाचा अ‍ॅरे (अक्षरांच्या सलग जागा) १० चा. पूर्ण कोड तुम्ही टाकलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं एवढ्यावरूनच.

नाशिक "बरोबर" येतंय या भ्रमात राहू नका. तिथे दोन चुका एकमेकींना झाकतायत. स्ट्रकम्प दोन्ही शब्द सारखे असले की शून्य देतो, वेगळे असले की शून्य सोडून काहीतरी. नुसतं इफ (स्ट्रकम्प(...)) लिहिलं की त्याचा अर्थ "वेगळे असतील तर" असा होतो. लासलगाव हे टेबलातल्या पहिल्या नावापेक्षा वेगळं, म्हणून पहिलाच भाव छापला जातो. मग नाशिक टाकल्यावर तरी चुकायला हवं होतं ना? नाही चुकत, कारण एफगेट्स एंटरसुद्धा आत घेतो. तुमच्याकडे आहे "नाशिक आणि न्यूलाइन" (म्हणजे एंटरचं अक्षर), टेबलात नुसतं नाशिक. तेही वेगळेच, म्हणून पुन्हा पहिला भाव.

आता तुम्ही घाईघाईने नुसतं == 0 जोडाल आणि डोकं धराल. नाशिक सापडणार नाही, लासलगाव सापडेल, पिंपळगाव सापडणार नाही. भूत नाही, मोजा. १० च्या अ‍ॅरेत एफगेट्स जास्तीत जास्त ९ अक्षरं घेतो, दहावी जागा शेवटच्या शून्याची, म्हणजे शब्द संपल्याच्या खुणेची. नाशिक ६ अक्षरांचं, न्यूलाइन आरामात आत बसते आणि तुलना बिघडवते. लासलगाव बरोबर ९, न्यूलाइनला जागाच उरत नाही, म्हणून जुळतं. पण ती न्यूलाइन इनपुटमध्ये पडून राहते आणि पुढच्या फेरीत "गाव कोणतं?" विचारल्या विचारल्या रिकामी ओळ वाचली जाते. पिंपळगाव १० अक्षरांचं, शेवटचा एन बाहेरच राहतो.

म्हणून पुढच्या सगळ्या गोष्टी एकदम करा. अ‍ॅरे ६४ चा घ्या. एफगेट्सने नल दिला (म्हणजे काही वाचता आलं नाही) तर तिथेच थांबा, नाहीतर अ‍ॅरेतला जुना कचरा तपासत बसाल. वाचल्यावर स्ट्रसीस्पनला (दिलेल्यापैकी पहिलं अक्षर कुठे येतं ते सांगणारं फंक्शन) गाव आणि कॅरेज रिटर्न-न्यूलाइनची जोडी (विंडोजच्या फाइलमध्ये ओळीच्या शेवटी ही दोन्ही असतात) द्या, तो जो आकडा देईल त्या जागेवर शून्य ठेवा. कॅरेज रिटर्न विसरू नका. भावांची यादी विंडोजवर बनवलेल्या फाइलमधून लिनक्सवर वाचलीत तर तेच नडतं. मग तुलना == 0 ने. तपासताना टेबलातलं पहिलं नाव कधीच वापरू नका. शेवटचं टाका, नसलेलं टाका, नुसतं एंटर मारा. छापताना नाव चौकटी कंसात छापा, कंस खालच्या ओळीवर गेला की न्यूलाइन पकडली.

आता ते पहिलं ==. ते कुठून आलं याचा मला अंदाज आहे. एका लॅबच्या मॅन्युअलमध्ये दोन पॉइंटरना (जागेचा पत्ता ठेवणाऱ्या व्हेरिएबलना) एकच शब्द देऊन अ == ब तपासलेलं असायचं आणि खाली "सेम" असं आउटपुट. ते चालतंही! कारण जीसीसीसारखा कंपायलर एकाच फाइलमधल्या सारख्या लिटरलची (कोडमध्ये अवतरणात लिहिलेल्या शब्दाची) बहुधा एकच प्रत ठेवतो आणि दोन्ही पॉइंटरमध्ये एकच पत्ता येतो. == ने जुळले ते पत्ते, अक्षरं नव्हेत. सी भाषेचं स्टँडर्ड म्हणतं, एक प्रत ठेवायची की दोन हे कंपायलरने ठरवावं. कीबोर्डवरून आलेला शब्द तर वेगळ्याच जागी असतो, तो कधीच जुळणार नाही. त्यातून दोन्ही बाजूंना पॉइंटर असले की जीसीसी -डब्ल्यूऑल (नेहमीचे इशारे दाखवायला सांगणारा पर्याय) लावूनही चकार शब्द काढत नाही; एका बाजूला थेट लिटरल असेल तरच इशारा देतो. माझे सगळ्यात जास्त दिवस या एका उदाहरणाने खाल्ले. लॅबमध्ये विचारायला गेलं की उत्तर ठरलेलं, "आउटपुट येतंय ना? मग जर्नल पूर्ण करा." असो. -डब्ल्यूऑल तरीही लावाच, आणि इशारे म्हणजे सूचना नव्हेत, चुकाच समजा. हे माझं मत, कुणाला अति वाटेल.

अजून एक खड्डा तुमच्या वाटेत दिसतोय. वाचायचं काम वेगळ्या फंक्शनमध्ये नेलंत तर तिथे सायझऑफ गाव (गावचा आकार बाइटमध्ये) लिहू नका. पॅरामीटर झाल्यावर तो अ‍ॅरे राहत नाही, पॉइंटर होतो, आणि ६४ बिटच्या मशीनवर सायझऑफ ८ येतो. एफगेट्स ७ अक्षरं घेऊन थांबेल. लांबी वेगळा पॅरामीटर म्हणून द्या. आणि अ‍ॅरेऐवजी नुसता कॅरेक्टर पॉइंटर जाहीर करून त्यात वाचू नका, तो कुठल्या जागेकडे बोट दाखवतोय हे कुणालाच माहीत नसतं. शिवाय -जी आणि -एफसॅनिटाइझ=अ‍ॅड्रेस हे जीसीसीचे पर्याय लावून कंपाइल करा. अ‍ॅरेच्या बाहेर लिहिलं गेलं की ओळीच्या नंबरसकट कळतं. टर्बो सी या जुन्या डॉसवरच्या कंपायलरवर ही सोय नाही, तिथे फार तर प्रोग्रॅम संपल्यावर "नल पॉइंटर असाइनमेंट" दिसेल, तेही ऑल्ट-एफ५ दाबून स्क्रीन पाहिलीत तर.

पुढे नावं देवनागरीत घ्यायची असतील तर यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं, काना-वेलांटीसुद्धा वेगळी मोजायची. "नाशिक" म्हणजे १५ बाइट आणि शेवटचं शून्य. १० च्या अ‍ॅरेत तेही मावलं नसतं.