कोल्हापूरची शाहूपुरी ही पेठ आहे की उपनगर? इतिहास काय, आणि राहायला कशी आहे?

तुम्ही लिहिलंय की बदली होऊन कोल्हापुरात येताय, शाहूपुरीत घर बघताय, आणि कुणी तिला पेठ म्हणतं तर कुणी उपनगर, त्यामुळे घोळ झालाय. माझा जन्म तिथलाच. आजोबा गुळाच्या अडत दुकानात दिवाणजी होते. तेव्हा उत्तर थोडं एकतर्फी होईल, चालवून घ्या.

आमची आज्जी महाद्वार रोडला निघाली की म्हणायची, "गावात जाऊन येतो." (जुन्या कोल्हापुरी बायका 'जातो-येतो'च म्हणतात, दचकू नका.) घरापासून महाद्वार चालत वीस मिनिटं. तरी ते 'गाव' आणि आम्ही गावाबाहेरचे. शाहूपुरी समजून घ्यायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

जुनं कोल्हापूर तटाच्या आत होतं. तट गेला, वेशींची नावं राहिली. बिंदू चौकात बुरुजाचा तुकडा अजून दिसतो. मधे अंबाबाईचं देऊळ, भोवती पेठा. कात्यायनीच्या डोंगरातून येणारा जयंती नाला या गावठाणाच्या कडेने पंचगंगेला मिळतो, आणि शाहूपुरी नाल्याच्या पलीकडे. १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली, ती गावात न शिरता या पलीकडच्या बाजूलाच थांबली. एका अंगाला नाला, दुसऱ्या अंगाला रूळ, मधली जागा मोकळी.

१८९४ मध्ये शाहू महाराजांनी कारभार हाती घेतला तेव्हा त्यांचं वय विसाच्या आत होतं. पुढच्याच वर्षी, १८९५ मध्ये, त्यांनी या जागेवर बाजारपेठ वसवली. ती मुख्यतः गुळासाठी. पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस होता, गावोगाव गुऱ्हाळं होती. माल विकायला हक्काची पेठ हवी होती, आणि पेठेपासून मालगाडी जवळ हवी होती. आज आपण महाराजांना आरक्षण, वसतिगृहं, राधानगरीचं धरण यांसाठी आठवतो, ते योग्यच. पण त्यांच्या पहिल्या मोठ्या कामांपैकी एक म्हणजे गुळाचा बाजार, हे मला फार आवडतं. शेतकऱ्याच्या हातात पैसा कुठून येतो, हे त्या वयात त्यांना कळलं होतं.

म्हणून सरकारी कागदावर, दुकानांच्या पाट्यांवर 'शाहूपुरी व्यापारी पेठ' असं दिसेल. पण ती शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठेसारखी पेठ नव्हे. त्या पेठा तालमींभोवती आणि भावकीभोवती वाढल्या, तिथल्या बोळांना वळणं आहेत आणि प्रत्येक वळणाला नाव आहे. आमच्याकडे आखून काढलेल्या गल्ल्या, आणि त्यांना आकडे: पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. पुढे राजाराम महाराजांच्या काळात रुळांपलीकडे राजारामपुरी वसली, तिथेही हाच आकड्यांचा खाक्या, तो थेट चौदाव्या गल्लीपर्यंत गेला. पत्त्यातही हा फरक उतरलाय. ए, बी, सी, डी वॉर्ड म्हणजे बहुतेक जुनं गाव. आम्ही 'ई वॉर्ड'. तालीम आमच्याकडेही आहे, पण तालमींच्या संघांचे फुटबॉल सामने असतात त्या दिवसांत पेठांना जो ताप चढतो तो इथे चढत नाही. माझ्या मते शाहूपुरी हे कोल्हापूरचं पहिलं उपनगर. पेठ हे नाव व्यापारापुरतं.

गुळाबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तेच आता दिसत नाही. दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचे सौदे निघायचे आणि मग उन्हाळा लागेपर्यंत रवे येत राहायचे. रवा म्हणजे गुळाची मोठी ढेप, साधारण तीस किलोची, बारदानात गुंडाळलेली. आजोबा नखाने टवका काढून आधी रंग बघायचे, मग दोन बोटांत चुरडून कण बघायचे, आणि सगळ्यात शेवटी जिभेवर ठेवायचे. गिऱ्हाईक बरंचसं गुजरातचं, त्यामुळे दुकानात निम्मं बोलणं गुजरातीत. आजोबांना गुजराती लिहिता येत नव्हतं, पण भावावरून वाद घालण्यापुरतं फर्डं यायचं. घरी आले की त्यांच्या धोतराला मुंग्या लागलेल्या असायच्या. पुढे सौदे मार्केट यार्डात गेले आणि शाहूपुरीतल्या वखारींच्या जागी हार्डवेअर, रंग, मशिनरी, लॉज आणि बँका आल्या. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत कुणाला फारसं सोयरसुतक नव्हतं.

जे टिकलं ते कुंभार गल्लीत. जूनपासून तिथे गणपतींचे साचे, काथ्या, माती आणि रंगाचा वास. गंगावेशीत आणि बापट कॅम्पलाही कुंभार आहेत, पण आमच्या गल्लीत संध्याकाळी रंगकाम बघत उभं राहणं हे माझ्या बालपणीचं मोफत थिएटर होतं. (पैसे देऊन बघायचं थिएटर व्हीनसला. त्या चौकाला अजून व्हीनस कॉर्नरच म्हणतात.)

आता राहण्याबद्दल. एसटी स्टँड आणि रेल्वे स्टेशन दोन्ही चालत. दवाखाने, मेस, सगळं हाताशी. बाहेरगावच्या माणसाला इथे परकं वाटत नाही, कारण इथले बरेच जण कधीतरी बाहेरूनच आलेले. तोटे: दिवसा गाडी लावायला जागा मिळणार नाही, आणि ऑफिस राजारामपुरीकडे असेल तर परीख पुलाखालून जावं लागेल. जोराचा पाऊस झाला की तिथे तळं होतं. पहिल्या पावसाळ्यात शहाणपणा करू नका, लांबच्या रस्त्याने जा.

आणि पूर. पंचगंगा चढली की नाल्याचं पाणी पुढे सरकत नाही, उलटं मागे फुगतं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३ फूट. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये ती ५५ फुटांच्या वर गेली. २०१९ ला कुंभार गल्लीत आम्ही पोरं गुडघाभर पाण्यातून मूर्ती उचलून ओळखीच्या घरांच्या गच्चीवर नेत होतो. ओल्या मातीचा गणपती केवढा जड असतो ते तेव्हा कळलं. सगळे वाचले नाहीत.

नाल्यापासून लांब, स्टेशनच्या बाजूच्या गल्ल्यांत हा त्रास नाही. नाल्याकडचं घर आवडलं तर मालकाला विचारू नका, तो 'इथे कधी आलं नाही' असंच म्हणणार. जिन्याखालचा मीटरचा बोर्ड बघा. नंतर उचलून डोक्याच्या वर बसवलेला दिसला, तर तळमजला घेऊ नका.