ग्राहक, ग्राही आणि अडवलेली जागा

नौपाड्यातल्या एका ताई मेंदूवर काम करणाऱ्या औषधाचं माहितीपत्रक मराठीत आणताहेत. त्या विचारतात, 'रिसेप्टर'ला, म्हणजे पेशीवरच्या ज्या जागी शरीरातलं रसायन किंवा औषध येऊन बसतं तिला, ग्राहक म्हणावं की ग्राही? आणि औषध रिसेप्टर 'ब्लॉक' करतं, म्हणजे बंद करतं का?

ताई, 'ग्राहक' नको. ग्रह् म्हणजे घेणे, तेव्हा व्याकरणाने शब्द चोख आहे. पण औषधाच्या दुकानात उभा असतो तोही ग्राहकच, आणि पत्रक वाचणार तोच. 'ग्राही' बरा, 'गुणग्राही'मुळे कानाला ओळखीचाही. मात्र आयुर्वेदात तो आधीच कामाला लागलाय: सुंठ, जिरं ही ग्राही द्रव्यं, म्हणजे पातळ शौचाला बांधणारी. रिसेप्टर हे प्रथिनच असतं, म्हणून मी 'ग्राही प्रथिन' लिहीन, आणि पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'रिसेप्टर'ही ठेवीन.

आता 'ब्लॉक'. 'बंद करते' चूक आहे, 'अडवते' म्हणा. ठाण्याहून सुटणाऱ्या लोकलमध्ये रुमाल टाकून जागा अडवतात ना, तसंच. जागा शाबूत असते, पण ज्याला बसायचंय तो उभाच राहतो. कॉफीतलं कॅफिन हेच करतं. आपण जागे असतो तसतसं मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं रसायन साठत जातं. ते आपल्या ग्राही प्रथिनावर बसलं की चेतापेशी मंदावतात, डोळे जड होतात. कॅफिनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती, म्हणून ते त्याच जागी बसतं, पण पेशीला मंदावत नाही. अ‍ॅडेनोसिन तोवर साठतच असतं. साधारण 5 तासांत निम्मं कॅफिन शरीरातून जातं, जागा मोकळ्या होत जातात आणि राहिलेली झोप अंगावर येते. 'बंद करते' म्हटलं, तर ही परत येणारी झोप समजावताच येत नाही.

मॉर्फिन या वेदनाशामक औषधाचं उलट. ते आपल्या जागेवर बसून प्रथिनाला कामाला लावतं. त्यासाठी 'चेतवते' हे क्रियापद मला फार आवडतं. मॉर्फिन जास्त झालं की श्वास मंदावतो, तेव्हा नॅलोक्सोन देतात. ते मॉर्फिनला हुसकावून तीच जागा अडवतं, आणि शिरेतून दिलं तर एक-दोन मिनिटांत श्वास सुधारू लागतो. पण नॅलोक्सोन मॉर्फिनच्या आधी ओसरू शकतं आणि श्वास पुन्हा मंदावू शकतो. म्हणून ताई, असं औषध पत्रकात आलं, तर नुसतं 'अडवते' लिहू नका, 'काही काळ अडवते' लिहा.