सांगलीत जिमच्या सॉनामध्ये बसताना काय घालायचं आणि बरोबर काय न्यायचं?

प्रश्न: आमच्या जिममध्ये सॉना सुरू झालाय. मी आणि बायको दोघंही जाणार आहोत. काय घालून बसायचं? टॉवेल किती लागतात? बायकोला मंगळसूत्र काढावं लागेल का? ऑनलाइन ‘सॉना सूट’ दिसतोय, तो घ्यावा का?

उत्तर:

सॉना सूट घेऊ नका. त्याचं कारण पुढे देतो. बाकीचं बहुतेक सामान तुमच्या घरातच असेल.

आधी जिमवाल्यांना विचारा की खोली कोरडी आहे की वाफेची. आपल्याकडे दोन्हींना सरसकट सॉना म्हणतात. कोरड्या सॉनात लाकडी फळ्या आणि दगड ठेवलेली शेगडी असते, तापमान 70 ते 100 अंश आणि हवा कोरडी. वाफेची खोली फरशीची असते, 40 ते 50 अंशांची, आणि हवा पूर्ण ओली. कोरड्या खोलीत माणूस 85 अंशांत बसू शकतो, कारण घाम अंगावर येतो आणि लगेच वाळतो. कपड्याने ते वाळणं अडवलं की अंग थंड राहायचा मार्गच बंद होतो. पुढचं सगळं यावरूनच ठरतं.

फिनलंडमध्ये कपड्यांविना बसतात आणि बुडाखाली छोटा टॉवेल घेतात. जर्मनीतही बऱ्याच ठिकाणी पोहण्याचे कपडे घालून आत येऊ देत नाहीत, पण घामाचा थेंब लाकडाला लागता कामा नये. सांगलीत पहिला नियम चालणार नाही हे उघड आहे. दुसरा मात्र जसाच्या तसा उचलावा.

पुरुषांसाठी पंचा उत्तम. पातळ, सुती, सैल, घाम टिपतो आणि पटकन वाळतो. सुटायची भीती वाटत असेल तर नाडीची सैल सुती हाफपँट घाला. इलॅस्टिकची नको, कारण रोजच्या उष्णतेने रबर लवकर ढिलं पडतं. जिमची ट्रॅकपँट, लायक्राची चड्डी, पाठीवर रबरी छपाई असलेला टीशर्ट बाहेरच ठेवा. छपाई तापून पाठीला चिकटते. पॉलिएस्टर घाम शोषत नाही, तो कातडी आणि कापडाच्या मध्ये साचतो आणि मग पुरळ उठतं.

बायकांसाठी जुना सुती परकर छातीवर बांधणं हा नदीच्या घाटावरचा उपाय इथे अगदी फिट बसतो. ते नको असेल तर कापड पेठेतून टॉवेलचं कापड आणा. साधारण दीड मीटर लांब आणि 80 सेंटीमीटर उंच तुकडा पुरतो. शिंप्याकडून वरच्या काठाला नाडी आणि बाजूला वेल्क्रो लावून घ्या. धातूची हुकं आणि चेन नको. तार असलेली ब्रा अजिबात नको, तार तापते आणि नेमकी घट्ट बसते तिथेच चटका देते. पोहण्याचा पोशाख घालूनच यायचा नियम असेल तर तो आधी साध्या पाण्यातून पिळून काढा, नाहीतर तलावातल्या क्लोरीनचा वास बंद खोलीत सगळ्यांना सोसावा लागतो.

लेबलवर ‘कॉटन’ लिहिलेलं असलं तरी खात्री नसते. आतल्या शिवणीतला नव्हे, कापडाचाच एक धागा ओढून काडीने पेटवा. शिवणीचा दोरा बऱ्याचदा पॉलिएस्टरचा असतो. सुताचा धागा कागदासारखा वास देऊन जळतो आणि मऊ राख होते. पॉलिएस्टर वितळून त्याची टणक गोळी होते.

टॉवेल माणशी दोन आणि एक पंचा. सॉनात बसायचा टॉवेल मोठा हवा, 70 बाय 140 सेंटीमीटरचा, म्हणजे दुमडला तरी बूड आणि पाय दोन्ही त्यावर येतात. सोलापुरी टर्किश टॉवेल झकास, पण नवा असेल तर दोन-तीनदा धुऊन मगच न्या. कोऱ्या कापडावरची प्रक्रिया पाणी शोषू देत नाही आणि गडद रंग असेल तर तो फळीवर उतरतो. धुताना कापड मऊ करणारं द्रव टाकू नका, त्यानेही शोषण कमी होतं. दुसरा टॉवेल बाहेर, आंघोळीनंतरचा. पंचा घाम पुसायला. वाफेच्या खोलीत मात्र जाड टॉवेल दहा मिनिटांत भिजून जड होतो, तिथे दोन पंचेच बरे.

टोपी बघून लोक हसतील, हसू द्यात. गरम हवा वर जाते, त्यामुळे वरच्या फळीवर बसलेल्या माणसाच्या डोक्याशी आणि पायाशी कितीतरी अंशांचा फरक असतो. कान आणि टाळू आधी तापतात, आणि अंग अजून बसायला तयार असताना डोकं गरगरायला लागतं. जाड लोकरीच्या नमद्याची, म्हणजे दाबून घट्ट केलेल्या लोकरीची, टोपी कानांवरून ओढली की हा त्रास कमी होतो. लोकरीत अडकलेली हवा उष्णता आत येऊ देत नाही. माण-खटावकडची घोंगडी कापून टोपी शिवायची कल्पना चांगली आहे, फक्त घोंगडीला चिंचोक्याची खळ असते, ती धुऊन पूर्ण काढावी लागते, नाहीतर घामाने चिकट होते. नमद्याची टोपी गार पाण्यात हाताने धुवा आणि उलट्या पातेल्यावर वाळवा. मशीनमध्ये टाकली तर नातवाच्या मापाची होऊन बाहेर येईल. टोपी नसेल तर ओला पंचा गुंडाळा, पण तो काही मिनिटांत कोमट होतो, पुन्हा भिजवावा लागतो. वाफेच्या खोलीत टोपीची गरज नाही.

आता मंगळसूत्र. धातू उष्णता झटकन कातडीला देतो, म्हणून सोन्याची साखळी, कडं, अंगठी, कानातलं काढाच. गरमीत बोटं सुजतात आणि अंगठी निघत नाही, हे वेगळंच. आपल्या दागिन्यांत आणखी एक गोम आहे. साजाच्या मण्यांत आणि पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते, ती सॉनाच्या तापमानाला मऊ पडते. नथीच्या मोत्यांनाही ही उष्णता मानवत नाही. गळा मोकळा ठेवायचा नसेल तर दोऱ्यात ओवलेली नुसती काळ्या काचमण्यांची पोत चालते. जोडव्यांचा त्रास कमी, कारण पाय खाली असतात. पाय वर घेऊन आडवं व्हायचं असेल तर तीही काढा. दागिने लॉकरमध्ये ठेवण्यापेक्षा घरीच ठेवलेले बरे.

चष्म्याच्या काचेवरचा लेप उष्णतेने तडकतो, फ्रेम धातूची असेल तर चटकाही बसतो. कॉन्टॅक्ट लेन्स कोरड्या पडतात. मोबाइल आणि स्मार्ट घड्याळ या तापमानासाठी बनवलेलेच नसतात. अंगावर औषधाची पट्टी लावलेली असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आत जाऊ नका, उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं. वेळ बघायला भिंतीवरचं वाळूचं घड्याळ पुरतं. सुरुवातीला आठ-दहा मिनिटं, खालच्या फळीवर.

आता तो सूट. तो रबराचा किंवा प्लास्टिकचा असतो आणि घाम वाळूच देत नाही. त्यात वजन उतरतं ते पाण्याचं, दोन तांबे प्यायलं की परत येतं. आपल्या भागात तालमीतली पोरं वजनगटासाठी असले प्रकार करतात म्हणून मुद्दाम सांगतो: 1997 साली अमेरिकेत तीन कॉलेज पैलवान असं झटपट वजन उतरवताना दगावले, आणि त्यानंतर तिथल्या कॉलेज कुस्तीत असे सूट आणि वजनासाठी सॉना यांवर बंदी आली. सूट घालून सॉनात बसणं म्हणजे दोन्ही धोके एकत्र.

पायात रबरी चप्पल, कोल्हापुरी नको, ओलाव्याने चामडं खराब होतं. कोरड्या सॉनात चप्पल दाराबाहेर काढा. वाफेच्या खोलीत घालूनच बसा, फरशी निसरडी असते आणि चिखल्याही तिथूनच लागतात.

निघताना ओला पंचा शेगडीवर किंवा तिच्या कठड्यावर वाळत घालू नका. सॉनाला आगी लागतात त्या बऱ्याचदा असल्या कापडाने. पावसाळ्यात टॉवेल दोन-दोन दिवस वाळत नाहीत आणि कुबट वास धरतात, तेव्हा पंच्यांचे दोन जोड ठेवा आणि ओला जोड वेगळ्या पिशवीतून घरी न्या.