परतीच्या विमानात मुलांना सांभाळताना

मुलांचा गट घेऊन तुम्ही प्रथमच सिंगापूरला निघाला आहात, म्हणून आवर्जून सांगतो की परतीच्या दिवसाची आखणी मुंबईतून निघण्यापूर्वीच करावी. सिंगापूरचे घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असते. त्यामुळे रात्री 11 वाजता मुंबईत उतरलात, तरी मुलांच्या शरीराच्या हिशेबाने दीड वाजलेला असतो. शक्य असेल तर दिवसाचेच विमान निवडा.

आदल्या रात्री प्रत्येक मुलाची पाठपिशवी पालकांनी स्वतः तपासावी. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही, ती सोबतच ठेवावी लागते. उलट पाणी भरलेला शोभेचा काचगोळा सुरक्षा तपासणीत अडकू शकतो, आणि हौसेने घेतलेली वस्तू डोळ्यांदेखत काढून घेतली की मूल अगदी हिरमुसते. असे काही असेल तर ते नीट गुंडाळून मोठ्या बॅगेत घाला.

विमान खाली येऊ लागले की झोपलेल्या मुलांना हळूच उठवून घोट घोट पाणी पाजा, कारण झोपेत गिळणे कमी होते आणि कानांत दडे बसून दुखू लागते. तान्ह्या बाळाला त्या वेळी अंगावर किंवा बाटलीने दूध द्यावे.

मुंबईत टर्मिनल 2 वर सामान येईपर्यंत दोघा मोठ्यांनी मुलांजवळच थांबावे, पट्ट्याकडे इतरांनी जावे. निरोपाचे फोटो मात्र सिंगापूरलाच काढून घ्या. इथे प्रत्येकाला घर गाठण्याची घाई असते.