सिग्नलला गरम, हायवेला गार

प्रश्न : फेब्रुवारीत पाथर्डी फाट्याजवळ माझी गाडी पुढच्या टेम्पोला धडकली. बंपर आणि एसीचा कंडेन्सर बदलून घेतला. तेव्हापासून एसी धड चालत नाही. घोटीकडे हायवेला लागले की बऱ्यापैकी गार होतं, पण द्वारकेच्या चौकात अडकले की पाच मिनिटांत गरम हवा सुरू. गॅरेजवाल्यांनी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून दोनदा गॅस भरला, दुसऱ्यांदा भरल्यावर तर आणखीच बिघडलं. आता ते कॉम्प्रेसर बदला म्हणतात. आईला दर आठवड्याला फिजिओथेरपीला घेऊन जाते, उन्हाने तिला चक्कर येते. काय करू?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, कॉम्प्रेसरला, म्हणजे गॅस दाबून फिरवणाऱ्या पंपाला, तूर्त हात लावू देऊ नका.

हायवेला गार, चौकात गरम, हे तुम्ही नेमकं टिपलंत आणि माझं अर्धं काम तिथेच झालं. गॅस गाडीतली उष्णता उचलतो आणि पुढच्या कंडेन्सरमध्ये आणून बाहेर टाकतो. घोटीच्या रस्त्याला समोरून येणारा वारा ती उष्णता घेऊन जातो. द्वारकेला वारा कुठला? तिथे सगळी भिस्त पंख्यावर. आणि कंडेन्सर बदलताना पंखा किंवा त्याचं कनेक्टर बहुतेक वेळा काढावंच लागतं.

सकाळी गाडी मोकळ्या जागेत उभी करा. न्यूट्रल, हँडब्रेक, एसी पूर्ण. ओढणी आणि केस सांभाळा, कारण पंखा न सांगता सुरू होतो. आता वर्तमानपत्राचा चतकोर तुकडा समोरच्या जाळीला लावून हात सोडा. बहुतेक गाड्यांत पंखा मागून हवा ओढतो, म्हणून कागद जाळीला चिकटून राहायला हवा. गळून पडला तर पंखा बंद आहे किंवा दमलाय: फ्यूज, रिले, कनेक्टर, मोटर या क्रमाने बघायला सांगा. आणि कागद उलट तुमच्याकडे उडाला, तर पंखा उलटा फिरतोय. मोटरच्या दोन वायरी अदलाबदल झाल्या की असं होतं. पंखा फिरताना दिसतो, म्हणून कुणाला शंकाच येत नाही. अंबडला गॅरेज टाकल्यापासून अशा गाड्या माझ्याकडे दर उन्हाळ्यात येतात, दोन-दोन ठिकाणी गॅस भरून आलेल्या.

दुसरी खूण पाण्याची. आत गरम हवा येत असताना कंडेन्सरवर साध्या नळीने हलकेच पाणी सोडा. प्रेशरचं पाणी नको, पातळ पट्ट्या वाकतात. मिनिटाभरात डॅशबोर्डच्या जाळीतून गार हवा यायला लागली, तर उष्णता बाहेर पडत नव्हती हे पक्कं समजा.

कॉम्प्रेसर दमला तरी चौकात गरम होतंच, हे खरं. म्हणून तोही तपासा. गाडी उभी ठेवून रेस दीड-दोन हजारांवर धरा. तेवढ्याने गार होऊ लागलं तर कॉम्प्रेसरचा संशय घ्यायला जागा आहे. उलट गरम वाढलं तर दोष उष्णता बाहेर टाकण्यात आहे. गेज, म्हणजे गॅसचा दाब मोजणारं मीटर, लावल्यावरही फरक कळतो: कॉम्प्रेसर थकला की हाय साइडचा (कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणाऱ्या गॅसचा) काटा खाली आणि लो साइडचा (आत येणाऱ्या गॅसचा) वर असतो. पंखा चालत नसेल तर हाय साइड चढतच जाते.

आता गॅसबद्दल, कारण तुमच्या पत्रातलं ‘गॅस कमी झालाय’ हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खटकलं. गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि ती जागा शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं. शिवाय बंद गाडीला गेज लावून किती गॅस आहे ते कळत नाही. आत थोडासा जरी द्रव शिल्लक असेल, तरी 35 अंशांच्या उन्हात आर-134ए हा एसीचा गॅस 115 पीएसआय दाबाच्या आसपासच दाखवणार, निम्मा असो की पूर्ण. खरं माप वजनाचं. बॉनेटखाली स्टिकर असतो, त्यावर ग्रॅममध्ये आकडा लिहिलेला असतो.

समजा तो 450 ग्रॅम आहे आणि तुमच्या गाडीत अंदाजाने 100 ग्रॅम जास्त गेला. जादा गॅस द्रव होऊन कंडेन्सरच्या खालच्या नळ्यांत साचून बसतो. तेवढा कंडेन्सर उष्णता टाकायच्या कामातून बाद. दाब आणखी चढतो, सुरक्षेचा स्विच कॉम्प्रेसर बंद करतो, आणि तुम्ही म्हणता तसं ‘आणखीच बिघडतं’. माझ्या मते तुमच्या गाडीला पंख्याचा दोष आधीपासून होता, त्यावर जादा गॅसची भर पडली.

म्हणून आधी पंखा. तो सुधारल्यावर मशीन लावून आतला सगळा गॅस काढून घ्यायला सांगा आणि विचारा, ‘किती ग्रॅम निघाला?’ त्या आकड्यावरून खरं काय झालं ते कळेल. गॅस हवेत सोडू देऊ नका, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त तो वातावरण तापवतो. मग किमान अर्धा तास व्हॅक्यूम (पंपाने आतली हवा आणि ओलावा ओढून काढणं), व्हॉल्व्ह बंद करून दहा-पंधरा मिनिटं काटा हलतो का ते बघणं, आणि मगच वजनावर गॅस. पुस्तकात व्हॅक्यूम जवळजवळ 30 इंच (पाऱ्याचे) लिहिलेला असतो. नाशिक सुमारे 600 मीटर उंचीवर आहे, हवेचा दाब कमी, म्हणून इथे काटा 28 च्या आसपास थांबतो. त्यावरून मेकॅनिकशी भांडू नका.

एक गोष्ट मात्र घरून निघण्याआधी बघा. एसी चालू असताना इंजिनकडून केबिनमध्ये शिरणारे दोन अॅल्युमिनियमचे पाइप दिसतील. जाड पाइपला हात लावा. तो उभ्या गाडीतसुद्धा थंडगार आणि पाण्याच्या थेंबांनी भरलेला असेल, तरी आत गरम हवा येत असेल, तर गॅसचा काही संबंध नाही. दिंडोरीच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या गाडीत मी स्वतः दोनदा गॅस बदलला होता. तिसऱ्यांदा तो पाइप हातात धरला आणि समजलं. आधीच्या कामात कुणीतरी डॅशबोर्ड खोलला होता, हीटरच्या झडपेची केबल क्लिपमधून निसटलेली होती. गार हवा हीटरवरून तापून बाहेर येत होती. क्लिप बसवायला दोन मिनिटं लागली. बागायतदाराचे गॅसचे पैसे मी परत केले, आणि तेव्हापासून गेजच्या आधी हात पाइपवर जातो.

प्रश्न : कूलिंग कॉइल बदलल्यापासून एसी वीस मिनिटं छान चालतो, मग गरम हवा येते. दहा मिनिटं बंद ठेवला की पुन्हा गार. असं का?
– एक वाचक, सिन्नर

उत्तर : आधी गरम झाल्यावर डॅशबोर्डच्या जाळीतून येणाऱ्या हवेचा जोर बघा. जोरच कमी झाला असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. थर्मोस्टॅटचा सेन्सर जागेवर बसलाय का आणि केबिन फिल्टर चोंदलाय का ते तपासा. जोर तसाच आणि हवा गरम असेल, तर आत ओलावा राहिलाय. तो एक्सपान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकात गोठतो, गॅस अडतो, बंद केलं की वितळतो. कॉइल बदलताना सिस्टिम उघडी होती, तेव्हाच ओलावा शोषणारा ड्रायर बदलायला हवा होता. जुनं बिल काढा. त्यात ड्रायर नसेल तर नवा टाकून घ्या, व्हॅक्यूम पाऊण तास चालू द्या, आणि तोवर तिथेच थांबा.