उसावर हेलिकॉप्टरने फवारणी करताना पायलटला सर्वांत मोठा धोका कशाचा?

विजेच्या तारांचा. फवारणीला हेलिकॉप्टर पिकाच्या जेमतेम 3-4 मीटर वरून जातं, आणि आपल्या चिकोडी-निपाणीकडं मोटारपंपाच्या लाईनी शेतातूनच गेलेल्या आहेत. मी याच भागात लाईनवर काम करतो. अ‍ॅल्युमिनियमची नवी तार चमकते, पण जुनी झाली की राखाडी पडते आणि आभाळात मिसळून जाते. खाली उभं राहूनही आम्ही आधी खांब शोधतो, मग तार. ऊस वाढला की खांबही निम्मा झाकतो. म्हणून उडण्याआधी पायलटनं शेत पायी फिरून प्रत्येक खांब टिपून घ्यायलाच हवा. अर्थात तारा नसल्या तरी एवढ्या खाली, कमी वेगात इंजिन बंद पडलं, तर पंखा फिरता ठेवून सावकाश उतरायला उंचीच नसते.